सायकलला थांबे असलेला माणूस

रत्नागिरीपासून जयगडपर्यंतच्या किनाऱ्यावर सायकलला थांबे असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा मित्र. 'होऊन गेला' असं मी मुद्दाम लिहिते आहे. तो जिवंत आहे, ठणठणीत आहे, फक्त इथे नाही. आणि तो इथे नसण्याला मी कारण आहे. ते पुढे येईलच. आधी त्याची सायकल.

धंद्याने तो लाल गाडीवरचा कंडक्टर. संध्याकाळी रत्नागिरीहून सुटायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगडच्या अलीकडे खाडीकाठच्या एका वाडीत मुक्कामाला जायचं आणि पहाटे तिथूनच परत फिरायचं, अशी ती गाडी अकरा वर्षं त्याच्या हवाली होती. ड्रायव्हर बदलले, गाड्या बदलल्या, हा बदलला नाही. सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात, लग्नाला जातात. हा सायकल काढून पुन्हा त्याच रस्त्याला लागायचा. काळी जुनी सायकल, मागे कॅरियर, आणि गळ्यात कंडक्टरची चामड्याची बॅग, पूर्ण रिकामी. एकदा मी ती काढून ठेवायला लावली, तर शंभर पावलांत तो दोनदा गटाराकडे झुकला. "एका बाजूला वजन नाय गो," तो म्हणाला, "माणूस सरळ राहायचा कसा?" निघताना तो स्वतःच घंटी दोनदा वाजवायचा आणि मग पायडल मारायचा, थांबायचं असलं की एकदा. दोन घंट्यांशिवाय सायकल हलवणं त्याला बेकायदा वाटायचं. चढ आला की उतरून ढकलायला लागायचा आणि मला गंभीरपणे सांगायचा, "ड्रायव्हर ऐकत नाय आजकाल." ड्रायव्हर तोच, कंडक्टर तोच, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नसे.

सायकलवरून तो कुठेही वेळेत पोचल्याचं मला आठवत नाही, कारण गाडीला जेवढे थांबे तेवढे सायकललाही होते. थांब्यावर माणूस असो वा नसो, हा उतरायचा, शेडमध्ये डोकावून बघायचा, आत झोपलेल्या कुत्र्याला "जयगड, जयगड" असं सांगायचा आणि मगच पुढे निघायचा. शिवाय कुणी हात दाखवला की थांबलाच. हात कशासाठी वर गेलाय याची चौकशी तो थांबल्यावर करायचा. शिरगावला एक बाई वरच्या दोरीवर लुगडं वाळत घालत होती, तिच्यापुढे आम्ही थांबलो. साखरतरच्या पुलावर एक गृहस्थ कपाळाचा घाम पुसत होते, त्यांच्यापुढेही थांबलो. ते गृहस्थ जरा गांगरले, म्हणाले, "मी कुठे जात नाय." हा म्हणाला, "नाय तर नाय. विचारून ठेवलेलं बरं." आणि थांबला की काही ना काही अंगावर घेऊनच निघायचा. कुणाचा फुटक्या काडीचा चष्मा रत्नागिरीला दुरुस्तीला, कुणाची ब्लाउजची मापं नेवऱ्याच्या शिंपिणीकडे, कुणाच्या परसातले नागवेलीचे तुकडे मालगुंडच्या बहिणीला. यातलं काहीही तो कधी हरवत नसे, आणि यातलं काहीही नियमात बसत नसे.

मी दिवसभर त्याच्याबरोबर हिंडले, त्या सायकलफेरीला कारण होतं. वाडीतली मुक्कामाची गाडी बंद होणार अशी कुणकुण लागली होती. भारमान कमी, म्हणजे गाडीत रिकाम्या सीटा जास्त, असं कागदावर दिसत होतं. मी पत्रकांच्या घरात वाढले. वडिलांच्या खाटेखाली चादरी नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते, आणि मी पहिली अक्षरं 'जाहीर निषेध' या दोन शब्दांतली गिरवली. तेव्हा गाडी बंद होणार म्हटल्यावर माझ्या हाताने लगेच पेन उचललं. दोन दिवसांत मी खणखणीत मजकूर तयार केला आणि त्याला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाला, "जोर हाय. पण गाडी कुठाय यात?"

"म्हणजे?"

"तू गाडी न बघता लिवलंस. रविवारी सुट्टी हाय माझी. सायकल आण, दाखवतो."

म्हणून पौषातल्या एका थंड सकाळी आम्ही निघालो. मी मैत्रिणीची गिअरची सायकल आणली होती. तिच्याकडे त्याने जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिला घंटी कुठाय?" घंटी नव्हती. "मग तू माझ्या मागून ये," म्हणाला, "तुझी गाडी जादा." आणि त्या दिवसभर मी जादा गाडी होते. आरे-वाऱ्याचा चढ आम्ही ढकलत चढलो. मोहोराचा वास येत होता. वर पोचल्यावर डावीकडे खाली सगळा समुद्र उघडा पडला आणि हा थबकला. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, दम लागला असेल. मग तो म्हणाला, "समुद्र डाव्या हाताला हाय होय?"

मी म्हटलं, "अकरा वर्षं या रस्त्यावरून जातोस, सायकलवरून पण जातोस, आणि समुद्र कुठल्या हाताला आहे हे माहीत नाही?"

"सायकलवरून मी थांबे बघतो गो. आणि गाडीत कंडक्टरचं तोंड मागं असतं. जाताना समुद्र माझ्या उजव्या हाताला. मी सगळ्यांना तेच सांगत आलो." मग जरा खजील होऊन म्हणाला, "एका मुंबईच्या कुटुंबाला मी उजवीकडे बसवलं होतं, समुद्र बघायला. उतरेपर्यंत बिचारी कातळ बघत होती. उतरताना थँक्यू म्हणाली."

मी हे वहीत लिहून घेतलं. दिवसभर मी सगळंच लिहून घेत होते. तो एका हाताने सायकल धरून उभा राहायचा, दुसऱ्या हाताने दाखवायचा, आणि मी लिहायची. वरवड्याच्या एका निवृत्त मास्तरांचे गुडघे गेलेत, त्यांना फाट्यापर्यंत चालवत नाही, म्हणून गाडी फाट्यापुढे त्यांच्या अंगणाच्या बेड्यापाशी, दारातच थांबते. नेवऱ्याची एक परिचारिका मुलाला आईकडे सोडून येते, तिला चार मिनिटं उशीर ठरलेला, म्हणून गाडीलाही चार मिनिटं उशीर ठरलेला. "आणि ती आली नाही तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "रजेवर असली तर आदल्या दिवशी सांगते. न सांगता आली नाय तर काहीतरी झालंय, मग मी उतरून बघून येतो." प्रवासी म्हणजे सीट, असं मानणाऱ्या कागदाला हा माणूस अकरा वर्षं रोज खोटं पाडत होता, आणि मला वाटत होतं की हे लोकांसमोर आलंच पाहिजे. अजूनही वाटतं. तिथेच सगळा घोटाळा आहे.

दुपारी मालगुंडला त्याच्या घरी जेवायला थांबलो. त्याची आई एकटी राहायची. तिने मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला विचारलं, "ही कोण रे?"

"पॅसेंजर हाय," तो हातपाय धुता धुता म्हणाला.

"पॅसेंजरला घरी आणतात काय, मेल्या? ये गो बाय, बस."

जेवताना तिनेच सांगितलं. रोज संध्याकाळी गाडी यायच्या वेळी ती थांब्यावर जाते, त्याला जेवणाचा डबा देते, कालचा रिकामा घेते. दोन मिनिटं गाडी उभी असते. तेवढ्यात तो खोकला कसा आहे विचारतो, ती पगार झाला का विचारते, आणि गाडी निघते. बाकी दिवसभर ती त्या दोन मिनिटांची तयारी करत असते. गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी तो घरीच असला तरी ती वेळ झाली की डबा भरून थांब्यावर निघायची. मग हाही तिच्या मागोमाग थांब्यावर जायचा, तिच्या हातून डबा घ्यायचा, आणि दोघं बरोबर घरी येऊन तोच डबा उघडून जेवायची. "खाडा पडला तर उद्या चुकेल ती," तो मला हळूच म्हणाला. आई म्हणाली, "चुकते कसली. हाच चुकेल. याला घरी जेवायला वाढलं तर हा विचारतो, कुठला स्टॉप आला."

मी हसत हसत वही काढली. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदाच त्याने माझ्या वहीवर हात ठेवला.

"डब्याचं लिहू नको," तो म्हणाला.

"का? सगळ्यात चांगलं तेच आहे."

"ते घरचं हाय."

आई मात्र म्हणाली, "लिही गो, काय लिहायचं ते लिही. गाडी जाऊ देऊ नको म्हणजे झालं. गाडी गेली तर याला दुसरीकडे घालतील, मग मी इथं कुणाची वाट बघू?"

मला वाटलं, तो लाजतोय. चांगली माणसं स्वतःबद्दल लिहू देत नाहीत आणि म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. त्याच्या डोळ्यांत लाज नव्हती, सावधपणा होता, हे मला दिसायला हवं होतं. नोकरी करणाऱ्या माणसाचा सावधपणा ओळखायला नोकरी करावी लागते. मी तोवर फक्त अन्यायाविरुद्ध लिहिलं होतं.

ऊन उतरताना आम्ही वाडीत पोचलो. पंचवीसेक घरं, पुढे खाडी, ओढून ठेवलेल्या होड्या. सायकल दिसताच बायका बाहेर आल्या आणि "आज गाडी लवकर कशी काय?" म्हणून त्याला छळू लागल्या. त्यात एक मावशी होती, पहाटेच्या गाडीने मासळीची पाटी घेऊन नेवऱ्यापर्यंतची गावं करणारी. मासळीची पाटी गाडीत घ्यायची नाही असा नियम. हा रोज घ्यायचा. मागच्या सीटखाली घरून आणलेला प्लॅस्टिकचा कागद पसरायचा आणि वर पाटी. कुणी नाक मुरडून वासाची तक्रार केली तर विचारायचा, "ताटात आल्यावर येत नाय काय वास?" मावशीने मला सरळ विचारलं, "तू लिवलंस तर गाडी ऱ्हाईल?"

"राहील," मी म्हटलं. त्या वयात मला भविष्यकाळाची भीती वाटत नसे.

"मग लिव. मी दर दिवसाला पाटी डोक्यावर घेऊन आमच्या इथल्या खंडाळ्यापर्यंत चालायची नाय आता. मान गेली माझी."

परतीला वाडीतल्याच एका मासळीच्या टेम्पोत सायकली टाकल्या. टेम्पो सुटताना त्याने सवयीने मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे चमकून बघितलं. मालगुंड मागे पडल्यावर तो म्हणाला, "माझं नाव घालू नको हां."

"नाही घालत."

आणि मी खरंच घातलं नाही. ही काळजी घेतल्याचा मला अभिमानही वाटला. त्या मार्गावर मुक्कामाच्या गाडीला कंडक्टर एकच आहे, ही गोष्ट सबंध दिवस त्याच्याबरोबर हिंडूनही माझ्या ध्यानात आली नाही.

पत्रक चांगलं झालं होतं. आजही वाचलं तर चांगलं वाटतं, आणि त्याचाच राग येतो. आधीचा खणखणीत मजकूर मी काढून टाकला होता आणि त्याने दाखवलेली गाडी लिहिली होती. मास्तरांचे गुडघे, परिचारिकेची चार मिनिटं, मावशीची पाटी, प्लॅस्टिकचा कागद, चष्मे, ब्लाउजची मापं. आणि शेवटी, सगळ्यात वजनदार जागी, मालगुंडच्या थांब्यावरची दोन मिनिटं. 'ज्या गाडीत आईच्या हातचा डबा चढतो ती गाडी तोट्यात आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या थांब्यावर येऊन उभं राहावं' असं वाक्य होतं. ते लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

पहिली प्रत मी स्वतः डेपोत नेऊन दिली. लपूनछपून लिहिणं आमच्या घरात कमीपणाचं मानत. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्या हातात आधी द्यायचं, ही वडिलांची शिस्त. डेपोतले साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, पत्रक दोनदा वाचलं. मला वाटलं, हेलावले. त्यांनी विचारलं, "हे सगळं खरं आहे ना?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. "मी स्वतः त्या मार्गावर फिरून लिहिलंय."

"रोज होतं हे?"

"रोज. अकरा वर्षं."

त्यांनी मान हलवली आणि पत्रकाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी उठून आले. पायऱ्या उतरताना मी गुणगुणत होते, हे मला नीट आठवतं आणि आठवू नये असं वाटतं.

वाडीतली माणसं पत्रकं घेऊन डेपोवर गेली, मालगुंडची गेली, नेवऱ्याची गेली. गाडी राहिली. पंधरा दिवसांनी त्याची बदली झाली, घाटावरच्या एका डेपोला. शिक्षा म्हणून नाही, असं तोंडी सांगितलं गेलं. माणूस चांगला आहे, पण एका मार्गावर फार वर्षं झाली की माणूस गाडी आपली समजायला लागतो, असं साहेब म्हणाले म्हणे. नियमाने बघितलं तर त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. कुठला नियम कुठे मोडतो याची जागावार यादी त्यांना मीच दिली होती. मी भांडायला निघाले होते. दुसरं पत्रक अर्धं लिहूनही झालं होतं. तो घरी आला, ते अर्धं पत्रक त्याने वाचलं आणि शांतपणे घडी करून स्वतःच्या खिशात घातलं.

"नको," तो म्हणाला. "आता घाटावर पाठवतायत. आणखी लिवलंस तर विदर्भात पाठवतील."

मी रडले. तो म्हणाला, "पहिलं चांगलं होतं. एक चूक होती फक्त. परिचारिकेला चार नाय, पाच मिनिटं लागतात. चार मी तिला सांगतो, म्हणजे ती पळत येते."

नव्या कंडक्टरविषयी माझी काही तक्रार नाही. गाडी आता वेळेत सुटते, वेळेत पोचते, ठरलेल्या थांब्यावर ठरलेला वेळ थांबते. मास्तरांना फाट्यापर्यंत चालवत नाही, म्हणून त्यांनी रत्नागिरीला येणंच सोडलं. मावशी पाटी घेऊन खंडाळ्यापर्यंत चालते. गाडी तिच्या शेजारून जाते. मी वाचवलेली गाडी.

मालगुंडला मी एकदाच जाऊन आले. त्याची आई मला काही बोलेल म्हणून मी दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "ये ना गो. महिन्यातून एकदा येतो तो. दोन दिवस असतो. दोन मिनिटांपेक्षा जास्तच की नाय?" आणि तिने मला जेवायला वाढलं. तिने बोल लावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ असतात.

गेल्या आठवड्यात हे लिहायला बसायच्या आधी मी त्याला फोन केला. या खेपेला आधी विचारायचं ठरवलं होतं. मागे गाड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी माइकवरून मी न ऐकलेल्या गावांची नावं सांगत होतं.

"तुझ्यावर लिहू का?" मी विचारलं.

"काय लिवणार?"

"सायकलची फेरी. आणि पुढचं सगळं. नाव नाही घालणार."

"मागच्या वेळी पण नव्हतंस घातलं," तो म्हणाला आणि हसला. एवढ्या दिवसांत त्याने मला मारलेला टोमणा तो हा एकच.

मी म्हटलं, "नको म्हणालास तर खरंच नाही लिहिणार. शपथ."

तो म्हणाला, "लिही गो. आता काय होणाराय? इथं मी कुणाला नावानं ओळखत नाय. तिकीट देतो, पुढं जातो. ओळख करूनच घेत नाय कुणाशी." आणि मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, "त्रास नाय त्यात काही. बरं, ठेवतो. गाडी लागली."

मी "बरं" म्हटलं.